उदाहरणातला आकडा कुणाचा?

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्स

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, आता बेळगावात डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड) घेतलाय. मेनूत जी उदाहरणं येतात ती ओळीनं चालवून बघितली. एलईडी लागतो, बटण चालतं, सेन्सरचे आकडे पडद्यावर येतात. पण कोरं पान उघडलं की एक ओळसुद्धा सुचत नाही. ब्लिंक आणि बटण ही दोन उदाहरणं जोडून एक प्रोग्रॅम केला. एक एलईडी सेकंदासेकंदाला लुकलुकत राहावा आणि बटण दाबलं की दुसरा लागावा, एवढंच हवं होतं. पण दुसरा कधी लागतो, कधी लागत नाही. बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. मित्र म्हणतो, उदाहरणं बघून कुणी शिकत नाही, आधी सी भाषेचं पुस्तक संपव. काय करू?

उत्तर : उदाहरणं बघूनच शिकतात बाळ. मी तशीच शिकले आणि बेळगावच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर बसलेली मुलंही तशीच शिकली. पण तुझ्या पत्रावरून असं दिसतं की तू उदाहरणं चालवून बघितलीस, वाचलेली नाहीस. ती वाचायची कशी, ते आधी सांगते. बटणाचा घोळ त्यातच सुटेल.

मी शिकत होते तेव्हा प्रोग्रॅम ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये भरावा लागायचा. त्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. एक आकडा चुकला तरी ती चिप काढून अतिनील दिव्याच्या पेटीत वीसेक मिनिटं ठेवायची, पुसून घ्यायची आणि मग पुन्हा भरायची. बारा जणांत पेटी एकच. त्यामुळे चिप भरण्याआधी आम्ही कागदावर एकेक ओळ बोटानं वाचायचो. ही ओळ झाली की चिपचा कुठला पाय (पिन) वर जाणार, म्हणजे चालू होणार, किती वेळ वर राहणार, मग काय होणार, हे सगळं पेन्सिलीनं लिहायचो. चूक महाग होती म्हणून वाचायची सवय लागली. तुझ्या बोर्डवर प्रोग्रॅम काही सेकंदांत भरला जातो. ही चांगलीच गोष्ट आहे, मला त्या पेटीची आठवण काढून उसासे टाकायचे नाहीत. फक्त ती पेन्सिल तेवढी परत हातात घे.

ब्लिंकपासूनच सुरुवात कर. ते येतं असं तुला वाटत असेल, तरीही. त्यात कामाच्या ओळी चारच आहेत : पाय वर कर, १००० मिलिसेकंद (एक सेकंद) थांब, पाय खाली कर, १००० थांब. आता वहीत लिही, की शेवटची थांबायची ओळ काढून टाकली तर एलईडीचं काय होईल? आधी उत्तर लिहायचं, मग ओळ काढून चालवायचं. बहुतेक मुलं लिहितात की तो भराभर लुकलुकेल. प्रत्यक्षात तो सारखा लागलेलाच दिसतो. कारण पाय खाली गेल्या गेल्या लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) परत वरून सुरू होते आणि काही मायक्रोसेकंदांत पाय परत वर येतो. एवढ्या वेळाचा अंधार डोळ्याला कळत नाही. आता ती ओळ परत घाल आणि पहिली थांबायची ओळ काढ. काय होईल? हे मी सांगत नाही, लिही आणि बघ. मग दोन्ही ठिकाणचे १००० कमी करत जा : १००, ५०, २०, १०. कुठल्या आकड्याला लुकलुकणं दिसेनासं होतं तो लिहून ठेव. तो आकडा तुझ्या डोळ्याचा असेल. १००० हा आकडा ज्यानं उदाहरण लिहिलं त्याचा होता.

मला तुला मुख्य सांगायचंय ते इथंच आहे. उदाहरणातली वाक्यं सगळ्यांसाठी सारखी असतात, पण त्यातले आकडे कुणाच्या तरी टेबलावरचे असतात. त्याची चिप, त्या चिपला ठोके देणारा क्रिस्टल, त्याचं बटण, त्याचा सेन्सर. प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीनं गोल कर आणि बाजूला लिही, की हा कुठून आला? ज्या आकड्याचं उत्तर येत नाही, तेवढं उदाहरण अजून वाचून व्हायचंय असं समज.

तुझ्या अभ्यासक्रमातलंच बघ की. ८०५१ या कंट्रोलर चिपच्या प्रॅक्टिकलमध्ये सिरियल पोर्टसाठी (कॉम्प्युटरशी बोलायच्या वायरीसाठी) टायमरमध्ये एफडी हा सोळामानातला आकडा भरतात, म्हणजे दशमानात २५३. वर्गातली सगळी मुलं तो पाठ करतात. तो येतो कुठून? बोर्डवरचा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो. त्याला १२ नं भाग, मग ३२ नं भाग. २८८०० येतात. आपल्याला सेकंदाला ९६०० बिट हवेत, म्हणजे आणखी ३ नं भागायचं. हा टायमर २५६ ला पोचला की उलटतो, म्हणून २५६ वजा ३, बरोबर २५३. आता कुणी दुकानातून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणून बसवला आणि आकडा तोच ठेवला, तर ९६०० च्या जागी साधारण १०४१७ चा वेग येतो. आठ टक्क्यांहून जास्त फरक पडतो आणि पडद्यावर कचरा उमटतो. मुलं मग वायर बदलतात, केबल बदलतात, कॉम्प्युटर बदलतात. ११.०५९२ हा विचित्र आकडा का निवडला असेल, हे ज्यानं एकदा मांडून बघितलं त्याला असा कचरा दिसला की पहिली नजर क्रिस्टलवर जाते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरच्या मागावर शिकले. आमचं घर शहापूरचं, वडिलांचे दोन यंत्रमाग होते. विणकराची मजुरी पिकावर, म्हणजे आडवा धागा किती वेळा पडला त्यावर. मी नुकतीच ८०५१ शिकले होते आणि पीक मोजणारं यंत्र करून वडिलांना द्यावं असं फार वाटत होतं. मागाचा जो भाग दर फेऱ्याला पुढंमागं होतो, तिथं एक छोटा स्विच बसवला. स्विच दाबला की त्याच्या पट्ट्या क्षणभर थरथरतात आणि एका दाबण्याचे पाच-सहा ठोके चिपला दिसतात, हे मला माहीत होतं. म्हणून सरावाच्या कागदावर होता तसा २० मिलिसेकंद थांबायचा आकडा घातला. संध्याकाळी माझ्या यंत्रावरचा आकडा आणि कापडावरून काढलेला हिशेब जुळेना. माझ्यात जवळजवळ दीडपट पिकं जास्त. वडील म्हणाले, "आकडा खोटा असला तर यंत्र नको गं घरात. माणसाची मजुरी ह्याच्यावर ठरतीय." मला रात्रभर झोप आली नाही. त्या कागदावरचे २० मिलिसेकंद प्रयोगशाळेतल्या नव्या, बोटानं दाबायच्या बटणाचे होते. माझा स्विच जुना होता आणि माग तर सगळी भिंत हलवतो. दुसऱ्या दिवशी मी तो आकडा पाचपाचनं वाढवत गेले आणि दर वेळी शंभर पिकं हातानं मोजून ताडून बघितली. ६० ला हिशेब जुळला. एका पिकाला साधारण अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे ६० पर्यंत जायला जागाही होती. माग दसपट वेगाचा असता तर हाच ६० चुकला असता, खरी पिकंच गाळली गेली असती.

आर्डुइनोच्या डिबाउन्स (ही थरथर गाळायच्या) उदाहरणात हाच आकडा ५० आहे. तोही असाच कुणाच्या तरी बटणाचा.

आता तुझं बटण. ब्लिंक आणि बटण ही दोन्ही उदाहरणं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तू ती एकाखाली एक चिकटवलीस. चिप ब्लिंकमधल्या डिलेला, म्हणजे थांबायच्या ओळीला, पोचली की सेकंदभर तिथंच थांबते. त्या सेकंदात बटण दाबलं, सोडलं, तरी तिकडं बघायला कुणी नसतं. दोन डिले मिळून दोन सेकंद जातात आणि बटणाकडं दोन सेकंदांतून एकदा, तेही निमिषभर, बघितलं जातं. म्हणून तुला ते दाबून धरावं लागतंय.

वडील दोन माग एकटे बघायचे. एका मागापुढं उभं राहून त्याची कांडी संपायची वाट बघत बसले असते, तर दुसऱ्यावर धागा तुटून कापड खराब झालं असतं. ते दोन्हींच्या मधून फिरत राहायचे. ह्याची कांडी संपत आली का? नाही, पुढं. त्याचा धागा ठीक आहे का? आहे, पुढं. लूप अशी फिरती हवी. ब्लिंक विदाउट डिले हे उदाहरण उघड. त्यात थांबणं कुठंच नाही. मिलिस नावाचं घड्याळ बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजत असतं. लूप दर फेरीला विचारते, आत्ताच्या वेळेतून मागच्या बदलाची वेळ वजा केली तर हजार झाले का? झाले असतील तर एलईडी उलटवायचा आणि वेळ लिहून ठेवायची. झाले नसतील तर पुढं जायचं. ते "पुढं" म्हणजेच तुझ्या बटणाची जागा.

या उदाहरणावर आठ दिवस घालव. त्यात वेळ अनसाइन्ड लाँगमध्ये (फक्त अधिक आकड्यांच्या मोठ्या घरात) का ठेवलीय, साध्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या छोट्या घरात) का नाही, यावर थांब. उनोवर इंट १६ बिटांचा असतो, ३२७६७ च्या पुढं त्यात काही मावत नाही. म्हणजे बत्तीस-तेहतीस सेकंदांत घड्याळ भरून गेलं असतं. अनसाइन्ड लाँग ४२९४९६७२९५ पर्यंत जातो, म्हणजे साधारण ४९.७ दिवस. आणि पन्नासाव्या दिवशी घड्याळ शून्यावर आलं तरी वजाबाकीचं उत्तर बरोबरच येतं. कारण वजाबाकीही घड्याळासारखी फिरून होते. हे तीन आकडी घड्याळ समजून कागदावर करून बघ. ९९९ नंतर ० येतो असं धर, आणि ९९५ ला सुरू झालेलं काम ५ ला किती वेळ चाललं ते काढ.

एवढं झालं की ते उदाहरण बंद करायचं आणि कोऱ्या पानावर आठवणीनं लिहायचं. अडलास तर उघडून बघायचं, पुन्हा बंद करायचं आणि पहिल्यापासून लिहायचं. अडलेल्या जागेवरून पुढं जायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. मेनूतली सगळी उदाहरणं अशी करायची गरज नाही. ब्लिंक, बटण, डिबाउन्स, स्टेट चेंज डिटेक्शन, अ‍ॅनालॉग रीड सिरियल, ब्लिंक विदाउट डिले, एवढी सहा जरी झाली तरी कोरं पान भीती घालणार नाही. यातलं स्टेट चेंज डिटेक्शन मुलं टाळतात. बटण दाबलेलं आहे आणि बटण आत्ताच दाबलं गेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते तिथंच कळतं. मोजायचं काहीही असेल, तर कामाला दुसरी गोष्ट लागते.

आणि एक. उदाहरणातल्या टिपा इंग्रजीत असतात, वर्गात शिकवणं इंग्रजी-कन्नडमिश्रित असतं, आणि तू विचार मराठीत करतोस. माझ्याकडं मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही घरांतली मुलं यायची. मी सगळ्यांना सांगायचे, प्रत्येक ओळीपुढं तुझ्या आईला सांगशील त्या भाषेत लिही. प्रोग्रॅमच्या टिपांमध्ये देवनागरी लिहिलेली चालते, कंपायलर टिपा वाचतच नाही. मराठी माध्यमातून आलास म्हणून मागं पडलास असं समजू नकोस. वाक्य मराठीत मांडता आलं की सीमध्ये मांडणं उरतं, आणि ते सोपं आहे. सी भाषेचं पुस्तक जवळ असू दे. जो शब्द उदाहरणात आला तेवढाच त्यात शोध.

प्रश्न : बाई, आम्ही निपाणी तालुक्यात नदीकाठाला ऊस करतो. मोटर पाच एचपीची, घरापासून लांब. थ्री फेज बहुतेक रात्री येते. पुतण्यानं आर्डुइनोवर ऑटो स्टार्टर करून दिला. लाइट आली की अर्ध्या मिनिटानं रिले (बोर्डानं चालवायचा स्विच) स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. चांगला चालला. पण आमच्या काठावर सगळ्यांचेच ऑटो आहेत, लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि आमची मोटर नुसती घुमते. म्हणून प्रोग्रॅममध्ये "३० गुणिले १०००" होतं ते मी स्वतः "६० गुणिले १०००" केलं. त्या रात्री मोटर सुरूच झाली नाही. ९० केलं, तर ती उलट अर्ध्या मिनिटाच्याही आत सुरू झाली. १२० ला पुन्हा बंद. पुतण्या पुण्याला कामाला गेला. बोर्ड खराब झाला काय?

उत्तर : भाऊ, बोर्ड चांगला आहे. तुम्ही तीन आकडे घालून बघितले आणि तिन्ही वेळा काय झालं ते नेमकं लिहिलंत, त्यामुळे चूक मला पत्रातच सापडली. वरच्या उत्तरात मी त्या विद्यार्थ्याला लिहिलंय की उनोवरच्या इंटमध्ये ३२७६७ च्या पुढं काही मावत नाही. तुमची अडचण तीच आहे.

३० गुणिले १००० म्हणजे ३००००. ते मावतं, म्हणून पुतण्याचा प्रोग्रॅम चालला. ६० गुणिले १००० म्हणजे ६००००, ते मावत नाही. १६ बिटांत ते उलटून वजा ५५३६ होतं. डिलेला वजा आकडा कळत नाही. तो त्याला प्रचंड मोठा अधिक आकडा समजतो, आणि तुमची मोटर सुरू व्हायला साधारण ४९.७ दिवस लागले असते. ९० गुणिले १००० म्हणजे ९००००. त्यातून ६५५३६ वजा केले की २४४६४ उरतात, म्हणजे साडेचोवीस सेकंद. म्हणून ती लवकर उठली. १२० चं पुन्हा वजा होतं. बोर्डानं तिन्ही वेळा सांगितलं तेवढंच केलंय.

उपाय असा. ६० च्या पाठीला चिकटून यू आणि एल ही दोन इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत लिहा, मध्ये जागा न सोडता. मग गुणाकार मोठ्या घरात होतो आणि साठ सेकंदच थांबतं. ९० ला, १२० लाही तेच. सगळ्या काठानं एक मिनिट धरलं तर पुन्हा तीच गर्दी होईल. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून कुणी ४०, कुणी ७०, कुणी १०० असं वाटून घेतलंत तर सगळ्यांच्याच मोटरी सुखानं उठतील.

पुतण्याला फोनवर एक सांगा. आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज मुळात बंद असतात, त्या ऑल कराव्यात. ही चूक कंपायलरला कळते, पण आपण त्याचं तोंड बांधून ठेवलेलं असतं. उदाहरणातला आकडा बदलताना ही वॉर्निंग आधीच दिसली असती, तर तुमची एक पाणीपाळी वाचली असती.

आता जे विचारलं नाहीत ते सांगते, कारण मला त्याची काळजी वाटते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (जास्त करंट ओढला की मोटर तोडणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर तोडणारा) जागेवर आहेत ना? बोर्डाचं काम फक्त हिरवं बटण दोन सेकंद दाबून सोडणं, एवढंच ठेवा. रिले हिरव्या बटणाला समांतर हवा. मोटर चालू ठेवणं आणि बंद पाडणं हे स्टार्टरचंच काम आहे, ते प्रोग्रॅमवर सोपवू नका. एखादी फेज गेली तर मोटर जळायला फार वेळ लागत नाही आणि बोर्ड त्या क्षणी काय करत असेल ते सांगता येत नाही. कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) ओढताना बोर्ड कधी रिसेट होत असेल, तर त्याच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) लावून घ्या आणि बोर्डाच्या वायरी मोटरच्या केबलपासून लांब न्या. पेटीतलं काम वायरमनकडूनच करून घ्या. ४१५ व्होल्ट आहेत तिथं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑटोची मोटर कुणाला न सांगता उठते. कुणी फुटव्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात उतरला असेल, पट्ट्याला किंवा कपलिंगला हात लावला असेल, आणि लाइट आली, तर बोर्डाला ते दिसत नाही. उतरण्याआधी मेन खाली पाडायचा, फ्यूज काढून उतरणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवायचे, आणि तो वर आल्यावर त्यानंच बसवायचे. पेटीवर लाल रंगानं लिहून ठेवा : मोटर आपोआप सुरू होते. मराठीत लिहा, कन्नडमध्येही लिहा. उसाला तोडणीवाले येतात, गडी बदलतात. प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

प्रश्न : ताई, मी येळ्ळूर भागात शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना घेऊन तासाची घंटा देणारं यंत्र करतेय. १६ बाय २ चा एलसीडी लावला आणि हॅलो वर्ल्ड उदाहरणात इंग्रजीच्या जागी "तास ३" लिहिलं, तर भलतीच चिन्हं आली. मुलं हिरमुसली. मराठी आणि कन्नड दोन्ही दाखवायचंय. होईल का?

उत्तर : मराठी होईल. कन्नड या पडद्यावर नीट होणार नाही.

या एलसीडीच्या आतल्या चिपला देवनागरी माहीतच नाही. तुम्ही त हे एक अक्षर लिहिता तेव्हा कॉम्प्युटर त्याचे तीन बाइट पाठवतो, आणि पडदा प्रत्येक बाइटाला आपल्याकडचं एकेक चिन्ह दाखवतो. म्हणून एका अक्षराच्या जागी तीन भलती चिन्हं दिसली.

पण तिला आपली स्वतःची आठ चिन्हं शिकवता येतात. लिक्विड क्रिस्टलच्याच उदाहरणांत कस्टम कॅरेक्टर नावाचं एक आहे, ते उघडा. त्यात आकड्यांच्या आठ-आठ ओळी दिसतील, प्रत्येक ओळीत पाच शून्यं किंवा एक. प्रत्येक ओळ म्हणजे पडद्यावरच्या एका घरातली ठिपक्यांची ओळ आहे, आडवे पाच आणि उभे आठ. एक म्हणजे ठिपका भरलेला, शून्य म्हणजे रिकामा. हे आकडे उदाहरणातून घ्यायचेच नाहीत, मुलांकडून घ्यायचे. गणिताच्या चौकटीच्या वहीत पाच बाय आठचं घर आखा आणि त काढायला सांगा. वरची ओळ पूर्ण भरलेली, ती शिरोरेघ. उजवीकडचा उभा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला, तो दांडा. मधल्या चार-पाच ओळींत डावीकडं वळण. मग काना, मग स. दोन घरांच्या मध्ये थोडी फट असते, त्यामुळे शिरोरेघ तुटक दिसेल. ते मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती आपलं चुकलं असं समजून खोडत बसतील.

आठचीच मर्यादा आहे आणि देवनागरी अंक शून्य धरून दहा. पण पडद्यावर एका वेळी त, काना, स आणि एकच अंक लागतो, चारच घरं. तास बदलला की अंकाच्या घरात नवा अंक घडवायचा. नवं चिन्ह घडवल्यावर कर्सर पुन्हा जागेवर आणायची ओळ लिहायला विसरू नका, ती विसरली की काहीच उमटत नाही आणि पडदाच बिघडला असं वाटतं.

कन्नडच्या गोलाईला आणि खाली लागणाऱ्या ओत्तक्षरांना आठ ठिपक्यांची उंची पुरत नाही. त्यासाठी १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ग्राफिक पडदा घ्या. त्यात सगळा शब्द चित्र म्हणून काढता येतो, मराठीही जास्त सुबक दिसेल. पण सुरुवात छोट्या पडद्यानंच करा आणि पहिला त ज्या मुलाचा नीट उमटेल, त्याच्या वहीचं ते पान मला पाठवा.